फेम्मीने दिलेला शब्द

फेम्मी होइयर ही आमच्या हेझेल गावची मुलगी, आणि गावाने तिला वाळीत टाकलं तेही ती गावचीच होती म्हणून. परकी असती तर कुणी एवढं मनावर घेतलं नसतं.

मी दुधाचा टँकर चालवतो. गोठ्यागोठ्यातून दूध उचलायचं आणि डेअरीत नेऊन ओतायचं. या धंद्यात माणूस प्रत्येक घरात मागच्या दाराने शिरतो. आमच्याकडे पुढचं दार डॉक्टरसाठी, पाद्र्यासाठी आणि सरकारी माणसांसाठी असतं. मागच्या दाराने येणाऱ्यासमोर कुणी जीभ आवरत नाही. त्यामुळे या गोष्टीतलं बरंचसं मी कानांनी ऐकलेलं आहे. उरलेलं फेम्मीने मला नंतर सांगितलं, तिच्याशी बोलणारी माणसं फारशी उरली नव्हती तेव्हा.

होइयरांचं शेत माळाला लागून. आमचा माळ म्हणजे वाळू, मधूनमधून काळ्या पाण्याची तळी, आणि बाकी सगळी हीदरची खुरटी झुडपं. ऑगस्ट आला की तिच्या फुलांनी जमीन जांभळी होते. होइयरांना दोन मुलं, वोल्टर आणि फेम्मी. शेत वोल्टरला जाणार हे दोघांना बोलता येण्याआधीच ठरलेलं होतं. त्यांचे वडील म्हणायचे, वोल्टरला गाई कळतात आणि फेमला गाईंच्या पायाखालचं कळतं. म्हणून ती माती शिकायला गेली, शिकून प्रांताच्या निसर्ग खात्यात लागली. मध्ये एक लग्न झालं, ते टिकलं नाही. नवरा शहरातला होता. इथल्या हिवाळ्यात त्याला बोलायला कुणी मिळेना आणि फेम्मीला गप्प बसायला कुणी हवं होतं. तो गेल्यावर तिने चर्चच्या गल्लीतलं शेवटचं घर घेतलं आणि गावातच राहिली.

माळ बिघडत चाललाय हे आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. हीदर मागे हटत होती आणि गवत पुढे सरकत होतं. पण गवताची भीती दूधवाल्या गावाला वाटणार कशी? एका वसंतात फेम्मी मला माळावर घेऊन गेली. तिने झाडाला टांगलेली लाकडी पेटी उघडली. आत रामगंगा नावाच्या चिमुकल्या पक्ष्याची पिल्लं होती. त्यातलं एक तिने तळहातावर घेतलं. त्याचा पाय काडी मोडावी तसा मधूनच वाकलेला होता.

"पडलं का हे?" मी विचारलं.

"पडायला ते अजून पेटीबाहेर तरी कुठे आलंय, एप्पो? उभं राहायला गेलं आणि मोडला." तिने पिल्लू परत ठेवलं. "माळावर हवेतून खत पडतंय. शेणामुताचा वायू वर जातो आणि इथे उतरतो. त्याने मातीतला चुना धुऊन जातो. चुना नाही म्हणून गोगलगाई नाहीत, गोगलगाई नाहीत म्हणून पक्ष्यांना चुना नाही. मग पिल्लाच्या हाडात काय असणार?"

"शेणामुताचा म्हणजे कुणाच्या?"

"तू ज्यांचं दूध उचलतोस त्यांच्या गाईंच्या. थोडा तुझ्या टँकरच्या धुराड्यातलाही धर."

 टँकर मी विकणार नव्हतो.

सरकारला हे ठाऊक होतं. फार वर्षांपासून ठाऊक होतं. पण घरं बांधायची होती, रस्ते करायचे होते, दूध परदेशी पाठवायचं होतं, आणि निवडणुका तर दर थोड्या वर्षांनी येतच होत्या. म्हणून त्यांनी एक सोय काढली. ज्याला बांधायचंय त्याने आज बांधावं, त्याने माळाचं जे नुकसान होईल ते सरकार पुढे कधीतरी भरून काढील. हे पुढे कधीतरी येण्याआधीच पर्यावरणवाल्यांनी खटला भरला. वरच्या न्यायालयाने सांगितलं की निसर्ग असा उधारीवर चालवता येत नाही. एका निकालाने देशभरची परवानग्यांची कामं थांबली. घरं नाहीत, रस्ते नाहीत, नवे गोठेही नाहीत. मग द हेगमध्ये, सरकार बसतं तिथे, धावपळ सुरू झाली आणि एक भला मोठा निधी जाहीर झाला. माळाजवळच्या शेतकऱ्यांनी आपणहून शेतं विकायची, सरकार चांगला भाव देईल, आणि माळाला श्वास घेता येईल.

हे शेतकऱ्यांना जाऊन सांगणार कोण? तोवर चिडलेले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन महामार्गावर उतरले होते. गावोगावी निषेध म्हणून देशाचे झेंडे उलटे टांगलेले होते. फेम्मीचे साहेब डेकहाउस म्हणून होते. उंच, सायकलवरून कचेरीत येणारे, सगळ्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवणारे. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. त्यांनी फेम्मीला बोलावून घेतलं.

"लोकांच्या स्वयंपाकघरात बसून बोलेल असं कुणीतरी हवंय," ते म्हणाले. "तू त्यांच्यातलीच आहेस."

"अडचण तीच आहे," फेम्मी म्हणाली.

पण तिने हो म्हटलं. आपण गेलो नाही तर कुठल्या तरी सल्लागार कंपनीचा माणूस चकचकीत बूट घालून जाईल, त्याला कालवड आणि गाय यांतला फरक कळणार नाही, आणि माळ मरेल. असा तिचा हिशेब होता.

गावाने लगेच आपलं मत दाखवून दिलं. बेकरीत ती शिरली की बोलणं थांबायचं आणि सगळे पावांकडे फार लक्ष देऊन पाहायला लागायचे. एका सकाळी तिच्या फाटकासमोर कुणीतरी पातळ शेणाचा टँकर रिकामा केला होता. तिने फावडं घेतलं आणि स्वतःच ते ओढून बागेत लोटलं. मी तिथून जात होतो. "फुकटचं खत आहे," ती म्हणाली. "गुलाबांना घालते. कुणाचं आहे ते वासावरून कळतंय, पण सांगणार नाही."

आईच्या वाढदिवसाला ती वोल्टरकडे गेली. आमच्या रीतीप्रमाणे खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, प्रत्येकाच्या हातात कॉफीचा कप आणि केकचा तुकडा. ती आत आली तेव्हा वोल्टर उठला नाही.

"इथे बहीण म्हणून आलीस की प्रांताची बाई म्हणून?"

"आईच्या वाढदिवसाला आलेय."

"मग कोट बाहेर काढून ये. त्यावर बिल्ला आहे."

तिने कोट काढला, केक खाल्ला, आईचा पापा घेतला आणि निघून गेली. त्यानंतर भाऊ-बहिणीचं बोलणं बंद झालं. आई पुढच्या वर्षी गेली. अंत्यविधीला दोघं दोन बाकांवर बसली होती.

आता लुब्बर्टचं सांगतो. लुब्बर्ट स्टेंगं आणि त्याची बायको गेर्तीन, शेत अगदी माळाच्या कडेवर. एकुलती मुलगी ग्रोनिंगन शहरात परिचारिका. ती काही गाई सांभाळायला येणार नव्हती. लुब्बर्ट सरकारचं ऐकणारा शेतकरी. सरकार म्हणालं गाई वाढवा, याने वाढवल्या. सरकार म्हणालं गोठ्यात नव्या तऱ्हेची फरशी बसवा, तिच्यामुळे वायू निम्मा होतो, याने जुना गोठा पाडून नवा बांधला. चार वर्षांनी कुणीतरी खरंच मोजून पाहिलं, तर वायू होता तेवढाच. सरकारने नेमून दिलेली फरशी सरकारनेच नापास केली, आणि दोषी ठरला लुब्बर्टचा गोठा.

फेम्मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेली तेव्हा मी तिथेच होतो. ती मागच्या दाराने आली. ते लुब्बर्टने पाहिलं.

"बस, पोरी. कॉफी घेणार, की सरकारी माणसांना चालत नाही?"

"चालते, लुब्बर्टकाका. दोन चमचे साखर."

"साखर अजून माळाला बाधत नाही वाटतं."

"हे बघा, मी विकत घ्यायला आलेले नाही. बोलायला आलेय."

"फरशीवालाही असंच म्हणाला होता. मी विकायला आलो नाही म्हणाला."

गेर्तीनने बिस्किटांचा डबा उघडला, आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाला एकेक दिलं आणि झाकण लावलं; डबा उघडा राहतो तो घरच्यांसमोर. त्या दिवशी त्यांचं बोलणं पावसावर आणि दुधाच्या भावावर झालं. फेम्मी पुढच्या महिन्यात पुन्हा गेली, मग पुन्हा. एकदा ती लुब्बर्टला माळावर घेऊन गेली. जन्मभर तो माळाच्या कडेला राहिला, पण आत पाऊल टाकून त्याला वर्षं लोटली होती. शेतकऱ्याला फिरायला वेळ कुठे असतो? तिने त्यालाही ती पेटी दाखवली. तो परत आला तेव्हा मी दूध भरत होतो. तो सरळ गोठ्यात गेला आणि गाईंमध्ये उभा राहिला.

त्यानंतर त्याचे प्रश्न बदलले.

"माझ्या गाई गेल्या तर या जमिनीचं काय करणार?" त्याने विचारलं.

"चर बुजवतील, म्हणजे पाणी वर येईल. खताने जड झालेला वरचा थर काढतील. मग माळ इकडे सरकेल. तुमच्या अंगणापर्यंत हीदर येईल, काका."

"अंगण तेव्हा माझं नसेल."

"नसेल."

"करार मला वाचता येतो. त्यात 'निसर्गाच्या उद्दिष्टांसाठी' असं लिहिलंय. सरकारी भाषा, ती रबरासारखी ताणता येते. मी तुला विचारतोय. तू शब्द देतेस?"

फेम्मीने लगेच दिला नाही. ती डेकहाउसांकडे गेली. ते म्हणाले, प्रांताचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचं धोरण तेच आहे. प्रांताच्या मंडळावर निसर्गाचं खातं सांभाळणारे जे गृहस्थ होते ते तर आमच्या गावच्या सभागृहात सगळ्यांसमोर बोलून गेले होते, "सुटलेली प्रत्येक जागा आधी माळाला, मग बाकीच्यांना." टाळ्या पडल्या नव्हत्या, पण सगळ्यांनी ऐकलं होतं. फेम्मी परत लुब्बर्टच्या टेबलाशी येऊन बसली.

"देते," ती म्हणाली. "माझा शब्द."

गेर्तीन भांडी पुसत होती. ती वळलीसुद्धा नाही. "शब्द आपल्या मालकीचा असेल तोच द्यावा, फेम," ती म्हणाली.

लुब्बर्टने सही केली. करारात एक अट होती, की या माणसाने पुन्हा या देशात कुठेही गुरं पाळायची नाहीत. त्याला त्या अटीचं हसू आलं. "जेलमधून सुटलेल्या चोरालासुद्धा पुन्हा धंदा सुरू करता येतो," तो म्हणाला. पण सही केली.

शेवटचं दूध मी उचललं. दुपारी गुरांचे ट्रक आले. गाई मुकाट चढल्या. एक म्हातारी तेवढी फळीवर पाय ठेवीना. लुब्बर्ट तिच्या मानेला हात लावून तिच्याबरोबर आत चढला, थोडा वेळ आतच राहिला, मग एकटाच खाली उतरला. रस्त्यावर वोल्टर ट्रॅक्टर उभा करून बघत होता. ट्रॅक्टरवर उलटा झेंडा होता.

"माझ्या बहिणीने गुंडाळलं तुला," वोल्टर म्हणाला.

"मी स्वतः पाहून आलोय, वोल्टर. तूही एकदा जाऊन ये."

"कुठे?"

"तुझ्या घरामागे. माळावर."

वोल्टरने इंजिन सुरू केलं.

लुब्बर्ट आणि गेर्तीन गावाबाहेरच्या नव्या वस्तीत राहायला गेली. एकाला एक चिकटलेली घरं, मागे टेबलाएवढी बाग. तो अपंगांची छोटी बस चालवायला लागला. गोठा पाडला, ती फरशीही फोडून नेली. त्या हिवाळ्यात फेम्मी खुशीत होती. तिच्या त्या दिवसांतल्या चेहऱ्याची आठवण मला नको वाटते. कुठला चर कधी बुजवायचा, कुठे पाणी अडवायचं, याचे नकाशे ती मला बेकरीबाहेर उभी राहून हातवारे करून सांगायची.

मग निवडणुका झाल्या. ट्रॅक्टरवाल्यांचा राग मतपेटीत उतरला आणि प्रांतात नवं मंडळ आलं. सभागृहात बोलून गेलेले गृहस्थ कुठल्याशा बँकेच्या सल्लागार मंडळावर गेले. वर्षभराने द हेगमधलं सरकारही बदललं आणि नव्या सरकारने तो भला मोठा निधीच खोडून टाकला. नवं मंडळ काही राक्षसांचं नव्हतं. त्यांनी माळाचा आराखडा रद्द केला नाही. तो पुनर्विचारासाठी ठेवला. माझ्या मते रद्द केलेला बरा, निदान माणसाला काय झालं ते कळतं.

लुब्बर्टची जमीन प्रांताच्या नावावर, पण तिचं करायचं काय हे ठरलेलं नाही. मोकळी ठेवली तर लेखापरीक्षक विचारणार. म्हणून मालमत्ता खात्याने ती वर्षाच्या भाड्याने दिली. एप्रिलमध्ये मी तिकडून जात होतो तर रस्त्याच्या कडेला लुब्बर्ट सायकल धरून उभा. मी टँकर थांबवला. त्याचं कुरण नांगरून वाफे पाडले होते आणि लांब हातांचं एक यंत्र फवारत चाललं होतं. हवेला औषधाचा गोडसर वास येत होता. वारा माळाच्या दिशेने होता.

"काय लावलंय हे, एप्पो?"

"लिली. फुलांचे कंद काढून विकायला. पलीकडच्या तालुक्यातला माणूस आहे."

"लिली," तो म्हणाला. "लिलीला फार फवारावं लागतं."

"हो. दर आठवड्याला."

 त्याने खिशातून फोन काढला आणि फेम्मीला लावला. "ये आणि बघ," एवढंच म्हणाला.

तिला माहीत नव्हतं. तिच्या खात्याला कुणी विचारलंच नव्हतं. मालमत्ता खातं वेगळ्या मजल्यावर होतं. ती आली, बांधावरून सरळ त्या यंत्रापर्यंत चालत गेली. यंत्रावरच्या माणसाने इंजिन बंद करून कानांवरचे हेडफोन काढले आणि सभ्यपणे ऐकून घेतलं. "बाई, मी भाडं भरलंय," तो म्हणाला. "प्रांतालाच भरलंय. तुम्ही प्रांताच्याच ना?"

ती परत रस्त्यावर आली तेव्हा लुब्बर्ट निघून गेला होता.

दुसरी गोष्ट तिला कचेरीत कळली. लुब्बर्टच्या गाई गेल्या म्हणजे तेवढा वायू कमी झाला. तेवढा वायू सोडायची मुभा आता महामार्ग रुंद करण्यासाठी देऊन टाकली होती, कारण महामार्गाच्या कडेला मोठी गोदामं यायची होती. म्हणजे माळाच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. गाईंचं पडायचं ते आता ट्रकांचं पडणार होतं, आणि वर लिलीचं औषध.

ती डेकहाउसांच्या खोलीत गेली.

"लिलीचं तात्पुरतं आहे, फेम्मी," ते म्हणाले. "एका वर्षाचा प्रश्न."

"आणि महामार्ग?"

"ते कायद्यात बसतं. आपले वकील तसं म्हणतात."

"मागच्या वेळीही वकील तसंच म्हणाले होते. माळाचं काय?"

"आराखडा येतोय."

"साहेब, मी त्या माणसाला शब्द दिला होता."

डेकहाउसांनी चष्मा काढला. "वैयक्तिक शब्द द्यायला नको होतास. तशी सूचना नव्हती."

"तुम्हाला विचारून दिला."

"मी म्हणालो होतो, मंडळाचं धोरण तसं आहे. आणि ते तसं होतं. तेव्हा."

ती मला हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज चढला नाही. फक्त एवढंच म्हणाली, "एप्पो, तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्या खोलीत कुणीच खोटं बोलत नव्हतं."

प्रांताच्या सभेत सामान्य नागरिकाला थोडा वेळ बोलता येतं. फेम्मीने नाव दिलं. प्रांताची नोकर असून ती नागरिकांच्या खुर्चीत जाऊन बसली. लिली, महामार्ग, लुब्बर्टचं टेबल, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमच्या वतीने मी लोकांच्या घरात गेले. आता तिथे पुन्हा जायला तोंड उरलेलं नाही. कुणी विचारलं, तर मी सांगेन की प्रांतावर विश्वास ठेवू नका." अध्यक्षांनी भावना मांडल्याबद्दल तिचे आभार मानले आणि पुढचा विषय घेतला. तो सायकलमार्गाच्या दिव्यांचा होता.

पुढच्या महिन्यात तिची बदली झाली. शिक्षा म्हणून नाही, असं तिला मुद्दाम सांगण्यात आलं. काही महिने तिने सायकलमार्गांच्या पाट्या मंजूर केल्या आणि मग राजीनामा दिला.

तुम्हाला वाटेल, गावाने आता तरी तिला जवळ केलं असेल. तसं काही झालं नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी तिचं ते शेवटचं वाक्य उचललं, मोठ्या अक्षरांत छापलं आणि शेताशेतांच्या कुंपणावर लावलं: प्रांतावर विश्वास ठेवू नका. तिने माळासाठी तोंड उघडलं होतं, आणि ते शब्द माळाच्या विरोधात उभे राहिले. जे शेतकरी विकायचा विचार करत होते तेही मागे सरले. पर्यावरणवाल्यांची एक बाई तिला म्हणाली, "तू गप्प बसली असतीस तर निदान खरेदी चालू राहिली असती." बेकरीत आता बोलणं थांबत नव्हतं. लोक हसत होते. मला वाटतं शांतता बरी होती.

पर्यावरणवाल्यांनी पुन्हा खटला भरला आणि पुन्हा जिंकला. न्यायालय म्हणालं, आधी माळ वाचवल्याचं दाखवा, मग महामार्गाला मुभा द्या. महामार्ग थांबला. गोदामांचे लोखंडी सांगाडे अर्धवट उभे आहेत, त्यांच्यावर कावळे बसतात. गावातल्या तरुणांसाठी बांधायची घरं त्याच निकालात अडकली. लिलीवाला हंगाम संपल्यावर निघून गेला, कारण लिलीला दरवर्षी नवी जमीन लागते. ती जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, त्याने मका लावला. इतकं सगळं होऊन माळाला एक घोट पाणी मिळालं नाही.

फेम्मी एकदा लुब्बर्टच्या नव्या घरी गेली. गेर्तीन स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. लुब्बर्टने स्वतः कॉफी केली, साखर दोन चमचे घातली.

"माझी चूक झाली, काका," ती म्हणाली.

"काय चूक? माळ मरतोय हे खोटं होतं का?"

"नाही."

"मग? तू मला फसवलं असतंस तर बरं झालं असतं, पोरी. फसवणाऱ्यावर रागावता तरी येतं. आता रागवू कुणावर? ज्याने कबूल केलं तो गेला, आणि जो आला तो म्हणतो, मी कुठे कबूल केलं होतं. खुर्ची तीच, पण खुर्चीला काही आठवत नाही."

तो तिला दारापर्यंत पोचवायला आला. "पुन्हा येऊ नकोस," तो म्हणाला. "तुझ्यावर राग नाही. पण तू आलीस की गेर्तीनला दोन दिवस झोप लागत नाही."

फेम्मी मेप्पलजवळच्या एका रोपवाटिकेत कामाला लागली. टोमॅटोची आणि फुलांची रोपं विकते. हात मातीत आहेत एवढं बरं आहे, असं म्हणते.

गेल्या वसंतात प्रांताने नवा कार्यक्रम काढला. नाव नवं, चिन्ह नवं, त्यात एक पक्षी आहे. बोलणी करायला एका सल्लागार कंपनीला नेमलं. त्यांनी वोल्टरला फोन केला. आणि वोल्टरने, आईच्या त्या वाढदिवसापासून जिच्याशी तो एक शब्द बोलला नव्हता, तिला फोन केला.

"फेम, मंगळवारी ये. माझ्या बाजूला बसायला कुणीतरी हवंय."

मंगळवारी मी दूध भरून आत गेलो तेव्हा तिघं टेबलाशी होती. सल्लागार बाई तिशीतली. फेम्मीच्या मनात होतं की चकचकीत बूट येतील, पण हिच्या बुटांना माळाची वाळू होती. ती स्वतः जाऊन पाहून आली होती. तिला मातीतला चुना ठाऊक होता, पक्षी ठाऊक होते, कालवड ठाऊक होती. बोलताना तिचे डोळे चमकत होते. वोल्टर हाताची घडी घालून ऐकत होता आणि फेम्मी तिच्याकडे अशी बघत होती, जणू आपलाच जुना फोटो समोर धरलाय.

"जमीन नक्की माळाला मिळेल?" फेम्मीने विचारलं.

"हो. या वेळी प्रांताची इच्छा अगदी पक्की आहे."

"पुढच्या निवडणुकीनंतर?"

 "तोपर्यंत काम इतकं पुढे गेलेलं असेल की कुणाला मागे फिरवता येणार नाही."

"असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या बैठकीत सांगितलं."

फेम्मीने मान डोलावली. बाई गेली. जाताना वोल्टरशी आणि माझ्याशी हात मिळवला. फेम्मीचा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "तुमच्याबद्दल मी ऐकलंय." काय ऐकलंय ते सांगितलं नाही.

वोल्टरने कप बाजूला सारला. "बोल आता. विकू का?"

"माळ मरतोय, वोल्टर. तुझ्या गाईंमुळेही मरतोय. हे मी आजही म्हणते."

"ते मी विचारलं नाही."

फेम्मीने टेबलक्लॉथच्या चौकड्यांवरून बोट फिरवलं. ते बालपणीचं घर, बालपणीचंच टेबल.

"नको विकूस," ती म्हणाली.

वोल्टर जिंकला होता. इतकी वर्षं तो जे म्हणत आला ते बहिणीच्या तोंडून वदवून घेतलं होतं. पण त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. त्याने तिच्यासमोर बिस्किटांचा डबा उघडून सरकवला आणि झाकण लावलं नाही. तिने बिस्कीट घेतलं नाही. कोट घेतला, मागच्या दाराने बाहेर पडली, आणि गाडीत बसून गेली. माळाचा रस्ता जवळचा पडतो. ती मोठ्या रस्त्याने गेली.

वोल्टरने विकलं नाही. माळाच्या कडेच्या दुसऱ्या कुणीही विकलं नाही. प्रांताच्या अहवालात म्हटलंय की हेझेल भागात शेतकऱ्यांचा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा कमी आहे, आणि त्याची कारणं शोधायला एक समिती नेमली आहे. समितीने माहिती द्यायला फेम्मीलाही बोलावलं. ती गेली नाही. रोपवाटिकेत तेव्हा कोबीच्या रोपांची घाई चालू होती.